वादळी हंगामाचा अंदाज हवा, आणि त्याला बांधलेली जबाबदारीही

एप्रिलचा मध्य आला की सारा देश एका आकड्याची वाट पाहतो. यंदा पाऊस सरासरीच्या किती टक्के? हवामान विभाग तो आकडा ठरल्या वेळी सांगतो, मेअखेरीस सुधारून पुन्हा सांगतो, आणि सरकारपासून बियाण्यांच्या दुकानापर्यंत सगळे त्यावरून आपापले हिशेब मांडतात. नेमक्या त्याच दिवसांत अरबी समुद्र तापत असतो. येत्या दोन महिन्यांत त्यात चक्रीवादळ उठण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त की कमी? ते कोकणाकडे वळण्याचा संभव किती? या प्रश्नांचे तितकेच ठळक उत्तर श्रीवर्धनच्या वाडीवाल्याच्या किंवा देवगडच्या तांडेलाच्या हाती पडत नाही. वादळ तयार झाल्यावर त्याचा मार्ग आपल्याला तासातासाने कळतो. पण हंगाम सुरू होण्याआधी करायची जी कामे आहेत, ती करण्याचा दिवस कोणी ठरवलेलाच नाही. या उणिवेची किंमत आपण दोनदा मोजली आहे, 2020 मध्ये निसर्ग वादळात आणि 2021 मध्ये तौक्ते वादळात. तिसऱ्यांदा मोजायची आहे का?

१. हा प्रश्न एकट्या किनाऱ्याचा नाही. मी हे लखनौच्या इंदिरा नगरातून लिहीत आहे. समुद्र येथून हजार किलोमीटरच्या आसपास दूर आहे, तरीही वादळांचे शेपूट या बाजूला येतेच. ऑक्टोबर 2014 मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद वादळाचे अवशेष छत्तीसगड आणि उत्तर प्रदेश ओलांडून नेपाळात गेले. तेथे अन्नपूर्णेच्या परिसरात बर्फाच्या वादळात आणि हिमलोटांत चाळीसहून अधिक माणसे मेली. ऑक्टोबरमध्ये अवधातला भात कापणीला आलेला असतो, तेव्हा हा पाऊस कोणाच्या खळ्यात पडतो हे वेगळे सांगायला नको. मे 2021 मध्ये तौक्तेने गुजरात गाठले आणि त्याच्या उरलेल्या ढगांनी दिल्लीत मे महिन्यातल्या पावसाचा जुना विक्रम मोडला. अमेरिकेत 2024 मध्ये हेलीन हे वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चढले, पण सर्वांत जास्त माणसे दगावली ती समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरांत. शिवाय इथल्या मुंशी पुलियाच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी घरांचे मन आणि मनीऑर्डर दोन्ही कोकणात गुंतलेले आहेत. वादळी हंगामाचा अंदाज हा फक्त मच्छीमारांचा विषय आहे, असे म्हणून बाजूला होण्याचा अधिकार देशातल्या कोणत्याही जिल्ह्याला नाही.

२. समुद्र बदलला आहे, हे आता मत राहिलेले नाही. अरबी समुद्र शांत आणि बंगालचा उपसागर वादळी, हे आपण शाळेत शिकलो. उपसागरात चार वादळे तर अरबी समुद्रात एक, हे प्रमाणही जुनेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील मेधा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हे चित्र पार बदलले. 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे 52 टक्क्यांनी वाढली. अतितीव्र वादळांची वाढ 150 टक्के, आणि वादळ समुद्रावर टिकून राहण्याच्या काळात 80 टक्के वाढ. उपसागरात मात्र किंचित घटच दिसली. पाणी तापले की वादळाला इंधन मिळते, आणि हा समुद्र वेगाने तापतो आहे. 2019 मध्ये एकट्या अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली: वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन. असे याआधी घडले होते ते 1902 मध्ये. 2023 मध्ये बिपरजॉय पाण्यावर इतके दिवस रेंगाळले की जखाऊला धडकेपर्यंत किनाऱ्यावरच्या माणसांचा जीव टांगणीला लागला. ज्या समुद्राच्या भरवशावर कोकणातली घरे, बंदरे आणि वाड्या उभ्या राहिल्या, तो समुद्र आता तसा राहिलेला नाही, आणि आपल्या तयारीचे वेळापत्रक मात्र जुन्याच समुद्राचे आहे.

३. हंगामी अंदाज ही विद्या आपल्याला परकी नाही. 1864 साली कलकत्त्यावर आलेले चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांच्या धक्क्यातून 1875 मध्ये हवामान विभाग जन्माला आला. 1877 च्या दुष्काळानंतर हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फावरून पुढच्या पावसाचा अंदाज बांधू लागले, आणि 1886 पासून तो अंदाज रीतसर जाहीर होऊ लागला. गिल्बर्ट वॉकर यांनी मान्सूनचाच माग काढताना प्रशांत महासागराच्या दोन टोकांमधला हवेच्या दाबाचा हेलकावा शोधला. आज जगातला कोणताही हंगामी अंदाज त्या शोधाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. 1988 मध्ये वसंत गोवारीकर यांच्या मार्गदर्शनाखाली सोळा घटकांचे प्रारूप आले आणि काही वर्षे देशाने त्यावर विश्वास टाकला. मग 2002 उजाडले. अंदाज सरासरीच्या 101 टक्क्यांचा होता, पडला 81 टक्के, आणि जुलै जवळजवळ निम्मा कोरडा गेला. देशभर टीका झाली. पण त्या टीकेतूनच पुढच्या वर्षी प्रारूप बदलले, 2007 मध्ये पुन्हा बदलले, आणि 2012 पासून मान्सून मिशनमुळे संगणकीय प्रारूपांचा मार्ग मोकळा झाला. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की अंदाज जाहीर होता, आकड्यात होता, आणि म्हणूनच त्याची चूक लपली नाही. चुकण्याची भीती बाळगून मान्सूनचा अंदाज कोणी दडवून ठेवला असता, तर आज तो इतका सुधारलाही नसता. वादळांच्या अंदाजाबाबत ही भीती आपण किती वर्षे जपणार?

४. अटलांटिकच्या किनाऱ्याने हे धाडस 1984 मध्ये केले. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील विल्यम ग्रे यांनी येत्या हंगामात किती वादळे होतील याचा आकडा दरवर्षी छापायला सुरुवात केली. एल निनो असला की अटलांटिकवर वरच्या थरातले वारे जोर धरतात आणि वादळाची उभी रचना मोडून टाकतात, हा त्यांच्या अंदाजाचा मुख्य आधार. 1998 पासून अमेरिकन सरकारची हवामान संस्थाही मे महिन्यात अंदाज देते आणि ऑगस्टमध्ये तो सुधारते. या परंपरेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट त्यांच्या यशाची नाही. ग्रे आणि त्यांचे सहकारी डिसेंबरमध्येच पुढच्या वर्षाचा आकडा सांगत असत. वीस वर्षांचा हिशेब मांडल्यावर त्यांना दिसले की इतक्या आधी दिलेल्या आकड्याला कसलेही बळ नाही. 2011 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी ते उघडपणे सांगितले आणि तो आकडा देणे थांबवले. हंगाम संपला की ते स्वतःची गुणपत्रिकाही स्वतःच प्रसिद्ध करतात: काय सांगितले होते, काय घडले, कोठे चुकले. 2024 च्या मे महिन्यात सरकारी संस्थेने 17 ते 25 वादळांचा अंदाज दिला. ऑगस्टच्या मध्यापासून तीन आठवडे समुद्र गप्प राहिला आणि अंदाज फसला असे लोक म्हणू लागले. हंगाम संपला तेव्हा मोजणी 18 वर थांबली. अंदाजावरचा विश्वास अचूकतेच्या दाव्यांनी येत नाही, वर्षानुवर्षे उघडपणे दाखवलेल्या हिशेबाने येतो.

५. पण केवळ आकडा मागणे ही आपलीच फसगत ठरेल. 1992 चा अटलांटिक हंगाम शांत होता. नाव दिलेले पहिलेच वादळ ऑगस्टमध्ये उठले. त्याचे नाव अँड्र्यू, आणि त्याने दक्षिण फ्लोरिडातली गावेच्या गावे जमीनदोस्त केली. शांत हंगाम म्हणून जे निश्चिंत राहिले, त्यांच्या छपरांचे काय झाले? आपल्याकडचे उदाहरण आणखी जवळचे आहे. 2019 मध्ये अरबी समुद्रात पाच वादळे झाली, त्यांपैकी एकही थेट महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढले नाही. 2020 मध्ये दोनच झाली, निसर्ग आणि गती. त्यातले निसर्ग 3 जूनच्या दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाने आदळले. ‘यंदा वादळे कमी’ एवढ्यावर विसंबलेल्या माणसाला त्या दिवशी काय मिळाले असते? नव्या पिढीला हे वादळ अभूतपूर्व वाटले, पण 1948 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर तीव्र वादळ आले होते आणि 2009 च्या नोव्हेंबरमध्ये फयानने रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मच्छीमारांची घरे उजाड केली होती. आपली आठवण तोकडी आहे, म्हणूनच लेखी, वार्षिक अंदाजाची गरज अधिक आहे. त्या अंदाजात किती वादळे याबरोबरच आपल्या किनाऱ्याला झळ पोहोचण्याची शक्यता किती, हे स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. कोलोरॅडोचे शास्त्रज्ञ किनाऱ्यावरच्या प्रत्येक राज्यासाठी अशी शक्यता वेगळी देतात. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर यांच्यासाठी ती मिळू नये, इतकी आपली माणसे स्वस्त आहेत काय?

६. विज्ञान आज काय सांगू शकते आणि काय नाही, हे प्रामाणिकपणे समजून घेऊ. अरबी समुद्राला वादळांचे दोन हंगाम आहेत. पहिला मान्सून येण्याच्या आधीचा आणि येतानाचा, दुसरा मान्सून परतल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरचा. मधल्या भरपावसात खालचे वारे एका दिशेने आणि वरचे विरुद्ध दिशेने इतक्या जोरात वाहतात की वादळाला ताठ उभेच राहता येत नाही. हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापला आणि पूर्व भाग निवला की या समुद्राकडे वादळांचे माप झुकते. 2019 मध्ये हीच स्थिती अतिशय तीव्र होती. असे संकेत काही महिने आधी दिसू शकतात. दुसरीकडे, ज्या समुद्रात सरासरीने वर्षाला एखाद-दुसरेच वादळ होते, तेथे ‘यंदा तीन होतील’ असे छातीठोक विधान कोणीही करू नये. 2022 मध्ये तर अरबी समुद्रात एकही चक्रीवादळ झाले नाही. म्हणून हा अंदाज शक्यतेच्या भाषेत द्यावा लागेल: नेहमीपेक्षा अधिक, नेहमीइतकी, नेहमीपेक्षा कमी, आणि प्रत्येकीची टक्केवारी. हवामान विभाग मान्सूनबद्दल आज अशीच टक्केवारी देतो. शिवाय दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांत वादळ जन्मण्याची शक्यता कितपत आहे, हे सांगणारे पत्रक तो काढतो. ते किती ग्रामपंचायतींच्या फलकावर लागते? हंगामी अंदाज, गुरुवारचे पत्रक आणि अखेरचा इशारा अशा तीन पायऱ्या आहेत. पहिली ढोबळ, दुसरी थोडी नेमकी, तिसरी काटेकोर. आपण फक्त तिसऱ्या पायरीवर डोळे उघडतो, आणि तेव्हा हातात उरलेले असतात ते दोन-तीन दिवस.

७. इशारा मिळाल्यावर कोण हलतो, हा खरा प्रश्न आहे. 2021 च्या मे महिन्यात तौक्तेची सूचना वेळेवर आली होती. त्या सूचनेवर मुंबई महापालिकेने मोठ्या तंबूवजा कोविड केंद्रांतले 580 रुग्ण आधीच पक्क्या इमारतींत हलवले. 17 मेला कुलाब्यावर वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले, तेव्हा ते रुग्ण सुरक्षित होते. त्याच दिवशी, त्याच सूचनेखाली, मुंबईजवळच्या खोल समुद्रात पी-305 हा कामगारांचा तराफा 261 माणसांसह नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. नौदलाने जिवावर उदार होऊन बहुतेकांना वाचवले, पण कित्येक कामगार परत आले नाहीत. दोन्हींकडे माहिती तीच होती. फरक एवढाच की एका ठिकाणी ती माहिती मिळताच काय करायचे हे कोणीतरी ठरवले आणि तसे केले, दुसऱ्या ठिकाणी तराफा माघारी आणण्याचा निर्णय वेळेत पार पडला नाही. ओडिशाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. 1999 च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. 2019 मध्ये फनी आले तेव्हा सुमारे बारा लाख लोकांना आधीच हलवले होते आणि मृतांची संख्या शंभराच्या खूप आत राहिली. मधल्या वीस वर्षांत तेथे निवारे बांधले गेले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, कोणी कोणाला उचलून न्यायचे याच्या याद्या झाल्या. ही कामे वादळाच्या आदल्या दिवशी होत नाहीत. ज्या अंदाजाने एकाही अधिकाऱ्याच्या टेबलावर नवे काम येत नाही, तो अंदाज लोकांसाठी दिलेलाच नाही.

८. आपली सरकारी दिनदर्शिका आणि समुद्राची दिनदर्शिका यांची फारकत झाली आहे. मासेमारीबंदी साधारण 1 जूनला सुरू होते. तौक्ते मेच्या मध्यात आले, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या फेऱ्यांसाठी नौका बाहेर असताना. आंब्याच्या हवामान-आधारित विम्यात वेगवान वाऱ्यापासूनचे संरक्षण 15 मेपर्यंतचे, आणि तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीसमोर आले 16 मेला. झाडावरचा उरलेला हापूस जमिनीवर पडला, तो विम्याच्या तारखेबाहेर. ही तारीख ज्याने कोणी ठरवली, त्याच्यासमोर वादळी हंगामाचा नकाशा होता का? निसर्ग आले 3 जूनला, ऐन आगोटीत. घरे शाकारायची, लाकूडफाटा भरायचा, सुकी मासळी ठेवायची, त्या आठवड्यात छपरेच उडाली आणि पुढे मृगाचा पाऊस उघड्या घरांत पडला. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, फोन नव्हते. विजेच्या तारांवर झुकलेली झाडे एप्रिलमध्ये छाटणे, खांब आणि रोहित्रे तालुक्याच्या गावी आणून ठेवणे, नळपाणी योजनांना जनित्र जोडून पाहणे, रेशनचे धान्य आगाऊ पोहोचवणे, यांतले कोणते काम वाया गेले असते? वादळ आले नसते तरी पावसाळ्यात ते सगळे उपयोगीच पडले असते.

आणि 2019 चा ऑक्टोबर आठवा. 24 तारखेला विधानसभेचे निकाल लागले, त्याच दिवसांत समुद्रात क्यार वाढत होते, पाठोपाठ महा आले. कापून ठेवलेला भात शेतातच उगवला, सोयाबीन काळे पडले, द्राक्षबागा गळाल्या. राज्यात सरकार स्थापन होत नव्हते. पुढे राष्ट्रपती राजवट लागली आणि खरिपासाठी हेक्टरी 8 हजार रुपयांची मदत राज्यपालांना जाहीर करावी लागली. मंत्री कोण होणार यावर शेतकऱ्याचा बचाव अवलंबून राहावा, ही व्यवस्था कोणत्याही पक्षाची असली तरी चुकीचीच आहे. अंदाजाने एक ठरावीक पातळी ओलांडली की पैसा आणि आदेश आपोआप सुटले पाहिजेत, कोणाच्या सहीची वाट न पाहता.

९. नुकसान मोजण्याची तयारीही हंगामाआधीच व्हायला हवी. हा मुद्दा कोणी मांडत नाही, म्हणून मी जरा सविस्तर मांडतो. कोकणातली वाडी हेक्टरात मोजली जात नाही. चार-पाच गुंठ्यांत नारळ, पोफळ, मिरवेल, जायफळ, कोकम असे एकात एक गुंफलेले असते, आणि त्या एवढ्याशा जागेवर एक अख्खे घर चालते. निसर्गनंतर फळबागांची मदत वाढवून हेक्टरी 50 हजार रुपये केली गेली. ऐकायला रक्कम मोठी. पाच गुंठे म्हणजे हेक्टराचा विसावा भाग, त्याचे झाले अडीच हजार. ज्याच्या पोफळी मुळासकट आडव्या झाल्या त्याला नवी पोफळ लावून पीक हाती यायला पाच-सात वर्षे लागतात. अडीच हजारांत तो एवढी वर्षे काय खाणार? लोकांनी झाडामागे मदत मागितली, ती मागणी पुढे मान्यही झाली, पण तोवर पडलेली झाडे कापून, ओढून, जाळून वाड्या मोकळ्या कराव्या लागल्या होत्या. पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहाय्यक पोहोचेपर्यंत किती झाडे होती याचा पुरावा कोणाकडे उरणार? सातबारावर झाडांची नोंद बहुधा अपुरी, वाटण्या न झालेल्या, खातेदार मुंबईत. यावर उपाय साधा आहे. दर एप्रिलमध्ये ग्रामपंचायतीने प्रत्येक वाडीतल्या फळझाडांची मोजणी करून छायाचित्रांसह यादी ठेवावी. कॉलेजातली मुले हे काम एका सुट्टीत करतील. घरांच्या कौलांची, पत्र्यांची, गोठ्यांची, नौकांची आणि जाळ्यांचीही अशीच नोंद व्हावी. वादळानंतर मग पंचनामा म्हणजे फक्त यादीवर खूण करणे उरेल. मदतीला लागणारा उशीर वाऱ्याने केलेला नसतो, तो आपल्या कागदांनी केलेला असतो.

१०. ‘लोक घाबरतील’ आणि ‘लोक ऐकत नाहीत’ हे दोन आक्षेप नेहमी एकाच तोंडून निघतात. दोन्ही तपासून पाहू. मान्सून कमी पडेल असे सांगितल्यावर शेतकरी घाबरून गाव सोडत नाही, तो पीक बदलतो, पेरणी लांबवतो. मच्छीमारही तेवढाच शहाणा आहे. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की त्याचा अर्थ त्याला कोणी शिकवावा लागत नाही. तरीही तो कधी कधी समुद्रात राहतो, कारण डिझेल भरलेले असते, बर्फ घेतलेला असतो, खलाशांची उचल दिलेली असते, आणि फेरी मोडली तर ते सारे कर्ज त्याच्या डोक्यावर बसते. त्याला बेपर्वा म्हणणारे आपण, बुडालेल्या फेरीचा खर्च कोणी सोसायचा हे ठरवले आहे का? वादळाची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असलेल्या हंगामासाठी परत बोलावलेल्या फेरीची भरपाई आधीच मंजूर असली, तर बावट्याचा मान आपोआप वाढेल. 2017 मध्ये ओखी वादळाच्या तडाख्यात दक्षिणेकडच्या कितीतरी नौका भरकटत थेट आपल्या देवगडच्या आश्रयाला आल्या होत्या. समुद्रात संपर्क तुटलेल्या नौकेला हंगामाआधी बसवलेले संदेशयंत्रच वाचवू शकते. ऐकायला लावायचे असेल तर ऐकणे परवडेल अशी सोय आधी करावी लागते.

११. मागणी कोणाकडे आणि कधी करायची? आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा आहे. त्यानुसार जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करणे बंधनकारक आहे, आणि जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. म्हणजे नवा कायदा नको, नवे खाते नको. हवे ते एवढेच: हवामान विभागाने पुण्याच्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन अरबी समुद्राचा हंगामी अंदाज वर्षातून दोनदा, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मराठी, कोकणी, गुजराती, कन्नड आणि मल्याळममध्ये जाहीर करावा. सोबत मागच्या अंदाजाचे काय झाले हे छापावे. जिल्हाधिकाऱ्यांनी आठ दिवसांत त्यावरून कोणते काम कोणत्या खात्याने कोणत्या तारखेपर्यंत करायचे याची यादी लोकांसमोर ठेवावी.

आणि आपले काम? महाराष्ट्रात 1 मे आणि 2 ऑक्टोबर या दोन्ही दिवशी ग्रामसभा भरवण्याची पद्धत आहे. तारखा नीट पाहा. पहिली तौक्तेच्या पंधरा दिवस आणि निसर्गच्या महिनाभर आधी येते. दुसरी क्यार, महा आणि फयान यांच्या हंगामाच्या तोंडावर. अंदाज आणि कामांची यादी या दोन सभांत मोठ्याने वाचली जावी, निवाऱ्याची किल्ली कोणाकडे आहे, जनित्र चालते का, तारांवरची झाडे छाटली का, वाड्यांची मोजणी झाली का, याची उत्तरे इतिवृत्तात नावांनिशी लिहून घ्यावीत. मुंबई, पुणे, लखनौ, इंदूर येथे राहणाऱ्या आणि उन्हाळ्यात गावी जाणाऱ्या चाकरमान्यांनी 1 मेच्या सभेला बसावे, तेवढ्यासाठी तिकीट दोन दिवस आधीचे काढावे लागले तरी काढावे. शहरातल्या मंडळांनी आपापल्या आमदारांना आणि खासदारांना या वर्षीच लेखी विचारावे की तुमच्या मतदारसंघात हा अंदाज कोणत्या तारखेला मिळणार, आणि मिळाल्यावर पहिले काम कोण करणार. उत्तरही लेखीच घ्यावे, त्या अधिकाऱ्याच्या नावासह.